उलटा ट्रान्सफॉर्मर आणि सुनेची अंडी

मी चौथी पास आहे. पाचवीत बसलो होतो, पण गुरुजींचं आणि माझं पटलं नाही. चूक कोणाची होती हे आता उकरून काढण्यात अर्थ नाही. माझी नव्हती, एवढं सांगतो.

हे आधीच सांगायचं कारण असं, की पुढचं वाचून एखादा शिकलेला माणूस म्हणेल, या म्हाताऱ्याला विजेतलं काही कळत नव्हतं. कळत होतं. चाळीस वर्षं मी जळलेल्या मोटारी उघडून त्यात नवी तार भरली. सावली गावापासून वैनगंगेच्या काठापर्यंत असं एक शेततळं, आमच्याकडची बोडी, दाखवा, जिच्या पाळीवरची मोटार माझ्या ओट्यावर येऊन गेली नाही. तेव्हा मी जे केलं ते कळून केलं. आणि ते सोळा दिवस चाललं, हेही ध्यानात ठेवा.

आमचं गाव विजेच्या लाइनीच्या अगदी शेपटाला आहे. कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला जसं पाणी मिळतं, तशी आम्हाला वीज मिळते. वरची सगळी गावं पोटभर पितात, आणि तळाला जे उरतं ते आमच्या खांबावर येतं. एरवी चालून जातं. पण पौष सरला, उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, सुरू झाला, की सकाळी नऊला मोटारींची लाइन येते आणि आमच्याच गावच्या शेतातल्या सगळ्या मोटारी एकदम पाणी ओढायला लागतात. मग घरातली वीज दोनशे तीसवरून उतरत उतरत एकशे वीसवर येऊन बसते. मिक्सरमध्ये चटणी टाकली तर तो नुसता कण्हतो. बल्ब लागलेला आहे की नाही, हे हात लावून पाहावं लागतं. संध्याकाळी पाचला मोटारी बंद झाल्या, की घर पुन्हा उजळतं.

आम्हाला सवय होती. सवय नव्हती ती सुनेला.

सून आरमोरीकडची. बारावी, तीही सायन्स. मुलगा चंद्रपूरला ट्रक चालवतो आणि आठवड्यातून एकदा घरी येतो, तेव्हा या गोष्टीत तो नाही. घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि सून. सून बोलायला गोड आहे. कोणतंही उलट उत्तर ती आधी 'मामाजी' म्हणून, मग मान खाली घालून देते. त्यामुळे रागवावं की नाही हे ठरेपर्यंत ती चुलीपाशी गेलेली असते.

त्या वर्षी तिच्या बचत गटाला अंडी उबवायची पेटी मिळाली होती. कपाटाएवढी पेटी, आत चार बल्ब, एक पंखा, आणि उष्णता कमी-जास्त झाली की बल्ब आपोआप लावणारं-विझवणारं एक कार्ड. पेटी आमच्या घरी आली, कारण आमच्याकडे सिमेंटची खोली होती. अंडी मात्र गावातली नव्हती. कालव्यापलीकडे, जंगलाच्या कडेला एक टोला आहे, गोंडांची पंधरा-वीस घरं. तिथल्या बायांकडे जुन्या जातीच्या कोंबड्या होत्या. अंगानं लहान, पायानं चपळ, मांजर दिसली की झाडावर चढून बसणाऱ्या. टोल्यावरच्या देवाला बाजारातली पांढरी कोंबडी चालत नाही, घरचीच लागते. सून घरोघरी फिरली आणि एकवीस दिवसांनी पिल्लं आणून देते असा शब्द देऊन शंभराला दोन कमी अंडी घेऊन आली.

अंडी पेटीत ठेवली आणि चौथ्या दिवशी टोल्यावर मानमोडी, कोंबड्यांची साथ, शिरली. आठवड्याभरात एक कोंबडी उरली नाही. ज्यांनी कोंबड्या झाकून ठेवल्या त्यांच्याही गेल्या. मग आमच्या पेटीतली ती अंडी म्हणजे त्या जातीचं तेवढंच बी राहिलं. टोल्यावरची एक म्हातारी बाई जंगलातून चालत आली. पेटीच्या काचेतून तिनं बराच वेळ आत पाहिलं.

"बाई," ती सुनेला म्हणाली, "आता हेच आहेत. सांभाळजो."

सून त्या दिवशी जेवली नाही.

तिची काळजी खरी होती, कारण पहिल्याच दिवसापासून नऊ वाजले की पेटी टीं-टीं करून ओरडायची. एकशे वीसवर बल्ब कोमेजायचे, पंखा मरगळायचा आणि माघाच्या थंडीत आतली ऊब उतरायची. सुनेनं बाजारातून स्टॅबिलायझर आणला. तो इतक्या कमी विजेवर काम करणारा नव्हताच, नुसता टकटक करायचा आणि बंद पडायचा. तिनं लाइनमनला विचारलं. लाइनमन म्हणाला, "बाई, माघ संपू द्या, मंग पाहू."

मी हे सगळं ओट्यावर बसून पाहत होतो. मला कोणी विचारलं नव्हतं. न विचारता सांगणं मी बरोबर समजत नाही. अंडी ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी बायको म्हणाली, "अजी, घरात मिस्त्री असून पोरगी गावभर फिरून राह्यली. तुमी काऊन गप बसले?"

"मले विचारलं कोनी?"

"तुमाले विचारलं का तुमी दिवसभर सांगता, म्हनून नसंल विचारलं."

पण सून आली आणि नीट विचारलं. मग मी उठलो.

माझ्याकडे एक जुना ट्रान्सफॉर्मर होता. मधली काही वर्षं मी कालव्याच्या बोगद्याच्या कामावर होतो. बोगद्यात पाणी गळायचं, तिथे दोनशे तीसची वीज नेली आणि तार कुठे सोलली तर माणूस जागेवर जातो. म्हणून बाहेर हा ट्रान्सफॉर्मर ठेवायचे. एका बाजूनं दोनशे तीस घालायचे, दुसऱ्या बाजूनं एकशे दहा निघायचे आणि त्या एकशे दहावर आतली यंत्रं चालायची. काम संपलं तेव्हा तो भंगारात पडला होता. मी तो सायकलच्या कॅरिअरवर बांधून घरी आणला. वजन इतकं, की सायकलचं पुढचं चाक उचलायचं. पंचवीस वर्षं तो धान साठवायच्या ढोलीखाली पडून होता आणि पंचवीस वर्षं बायको विचारत होती की हे लोखंड कशाला.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे काही जादू नाही. लोखंडी पट्ट्यांचा एक गठ्ठा, त्यावर तांब्याच्या तारेची दोन गुंडाळी. एकीचे फेरे जास्त, दुसरीचे कमी. जास्तीत वीज घातली तर कमीतून उतरून निघते. मग कमीत घातली तर? धान भरडायच्या हलरच्या पुल्या ज्यांनी पाहिल्या त्यांना हे सांगावं लागत नाही. मोठ्या पुलीवर इंजिन लावा, लहान पुली जोरात पळते. लहानीवर लावा, मोठी हळू फिरते. पट्टा तोच, पुल्या त्याच. आमच्या घरात एकशे वीस येत होते. ते एकशे दहाच्या बाजूनं आत घातले, तर दोनशे तीसच्या बाजूनं पूर्ण वीज निघायला पाहिजे.

मी हे सुनेला सांगितलं. मला वाटलं ती चकित होईल.

"हाव मामाजी," ती म्हणाली, "पुस्तकात आहे. दोनी बाजूनं चालते." आणि वहीच्या मागच्या पानावर तिनं गणित मांडलं. "दोनशे पन्नास निंगतील."

"दोनशे पस्तीस निंगतील," मी म्हणालो.

"गनित तं दोनशे पन्नास सांगते."

"गनितानं कधी तार गुंडाळली नाई."

लावल्यावर माझ्या काट्याच्या मीटरवर दोनशे पस्तीस आले. याचं कारण ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्याला माहीत असतं. काम सुरू झालं की वीज थोडी बसते, म्हणून तो उतरत्या बाजूला चार फेरे आगाऊच जास्त घालून ठेवतो. उलटा लावला, की तेच जास्तीचे फेरे आपल्याला नडतात आणि पंधरा-सोळा व्होल्ट कमी मिळतात. हे तिच्या पुस्तकात नव्हतं. त्या दिवशी मी दोन वेळा चहा मागितला आणि दोन्ही वेळा मिळाला.

पण हे दोनशे पस्तीस लगेच आले असं नाही. खरं लिहायचं तर पहिल्यांदा लावला तेव्हा फट्कन फ्यूज गेला आणि बायकोच्या हातातली परात पडली. झालं असं, की बोगद्याच्या त्या ट्रान्सफॉर्मरला एकशे दहाच्या बाजूला मधोमध एक तार काढून ती जमिनीला जोडलेली होती. सुलटा असताना ती माणसाचा जीव वाचवते. उलटा लावला, की तीच तार अर्धं गुंडाळं मातीत घालते. हे मला दुसऱ्या फ्यूजनंतर आठवलं. मी ती तार सोडवून बाजूला बांधली.

"झालं काय जी?" बायको.

"झालं."

"मंग तुमच्या भुवया काऊन जळलेल्या दिसतात?"

तार सोडवली तरी एक खोड राहिलीच. खटका ओढला की ट्रान्सफॉर्मर पहिल्या क्षणाला धप्प करून मोठा घोट घ्यायचा आणि बारीक फ्यूजची तार उडायची. उलटा लावलेला ट्रान्सफॉर्मर असाच अधाशी असतो. दोन दिवस मी रोज सकाळी फ्यूज भरत होतो. तिसऱ्या दिवशी मी फ्यूजमध्ये जाड तार टाकली. मग तो उडायचा थांबला.

सुनेनं ते पाहिलं.

"मामाजी, जाड तार टाकली तं खरंच जास्ती आलं तेव्हा फ्यूज उडन कसा?"

"जास्ती येईन कुठून?"

"मोटारी बंद झाल्या तं खाली दोनशे वीस-पंचवीस येतील. मंग आपल्या बाजूनं त्याच्या दुप्पट निंगतील. पेटी भाजून जाईन."

"मोटारी पाचले बंद होतात. पावने पाचले मी खटका पाडतो, पेटी सरळ लाइनीवर घेतो. सकाळी नवाले पुन्हा उलटा. मी कुठी जाऊन राह्यलो का? मोटारी चुकतील, मी नाई चुकनार."

"मले शिकवून ठेवा नं खटका. तुमी शेतात गेले तं मी पाडीन."

"हात लावायचा नाई," मी म्हणालो.

याला भीती म्हणा, अभिमान म्हणा. त्या खटक्यावर माझाच हात पाहिजे होता. नऊ म्हणजे नऊ, पावणेपाच म्हणजे पावणेपाच. पेटी ओरडायची थांबली. बल्ब लखलखीत, पंखा मधमाशीसारखा. शेजारीपाजारी पाहायला यायचे. मी खुर्ची टाकून बसायचो आणि विचारलं तर सांगायचो, आता विचारत होते म्हणून. कोणी म्हणायचं, "भाऊ, सगळ्या गावालेच असा लावून द्या. पन मंग मोटारी जळनार नाई आन् तुमचा धंदा बसन." मी म्हणायचो, धंद्याची काळजी तुम्ही करू नका.

आता मातामायचं सांगतो.

गावाच्या वेशीवर मातामायचं लहान देऊळ आहे. माघात एक दिवस गाव मातामायची पूजा पाळतं. त्या दिवशी कोणी नांगर धरत नाही, बैल जुंपत नाही, रोवण्याला बायका जात नाहीत. कोणता दिवस ते चावडीवर बैठकीत ठरतं. मी त्या बैठकीला वर्षभरापासून जात नव्हतो. आदल्या वर्षी देवळात बल्ब-वायर टाकायचं काम निघालं आणि ते बाहेरच्या वायरमनला दिलं. गावात मी असताना. मी काही बोललो नाही. फक्त बैठकीला जाणं सोडलं, देवळात जाणं सोडलं आणि देवळावरून जायचा रस्ताही सोडला. मागच्या गल्लीतून जायचो. लांब पडायचं, पण जायचो.

पूजा मंगळवारी आहे हे मला माहीत होतं, बायको दोन दिवस आधीपासून सारवत होती. तिनं सकाळी जाताना म्हटलंही, "अजी, आज गाव पाळून राह्यले बरं." मी मान वळवली. मला वाटलं ती मला देवळात चला म्हणते आहे. आणि नांगर बंद, बैल बंद, हे मला लहानपणापासून माहीत. मोटारींचं काय? मोटारीला बैलासारखी शिंगं असतात का? आजवर पूजेच्या दिवशी मोटारी चालतच होत्या. मोटार माणूस लावून येतो, ती आपली चालते, त्यात पाळायचं काय.

पण त्या वर्षीच्या बैठकीत कोणीतरी उठून विचारलं होतं की नांगर बंद तर मोटार कशी चालू, तीही शेतातलंच काम करते. बैठकीनं तासभर वाद घातला आणि ठरवलं की मोटारही पाळायची. देवळाचा डफ गावातून फिरला, की सगळ्यांनी मोटारी बंद करायच्या. अख्ख्या गावाला हे माहीत होतं. मी सोडून.

अठरावा दिवस. सून सकाळीच टोल्यावर गेली होती. अंडी तीन दिवसांत फुटणार, पिल्लं न्यायला टोपल्या तयार ठेवा हे सांगायला. बायको देवळात. मी नऊला लाइन आल्यावर खटका उलटा केला, मीटर पाहिलं, दोनशे पस्तीस, आणि ओट्यावर उन्हात बसलो. साडेदहाच्या सुमारास डफ आमच्या दारावरून गेला. मी पाठ करून बसलो.

मग हळूहळू शेतातला आवाज कमी व्हायला लागला. आधी नदीकडच्या मोटारी, मग कालव्याकडच्या. महिनाभर सकाळ-संध्याकाळ कानात घुमणारी ती घरघर थांबली आणि मला झाडावरचे पोपट ऐकू आले. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मी डोळे मिटले. माझ्या मनात असं आलं, की किती शांत सकाळ आहे.

जळालेल्या वार्निशचा वास मी चाळीस वर्षं घेतला आहे. झोपेतही ओळखीन. पण तो वास कायम दुसऱ्याच्या मोटारीला येतो, म्हणून मी दोन-तीन श्वास तसाच बसून राहिलो. मग आतून फट् आवाज आला, पुन्हा फट्, आणि मी उठून धावलो.

ट्रान्सफॉर्मर रेड्यासारखा गुरगुरत होता. मीटरचा काटा शेवटच्या आकड्यापलीकडे जाऊन आडवा पडला होता. जाड तारेचा फ्यूज अगदी शाबूत होता. मी खटका पाडला. पेटी उघडली तर दोन बल्ब फुटलेले, पंखा थांबलेला, आणि कार्ड चुलीतल्या गोवरीसारखं काळं.

अंड्यांवर काचेचा चुरा पडला होता. मी एक उचललं आणि पापणीला लावलं. माझी आई कोंबडीखालचं अंडं असंच पाहायची. गालाला कळत नाही, पापणीला कळतं. कोमट होतं. दुसरं पाहिलं, तेही कोमट. एकाच्या आत काहीतरी किंचित हललं. मी ते अंडं अलगद परत ठेवलं.

मग कामाला लागलो. टोपलीत धानाची तणस घातली, त्यावर अंडी मांडली, गोधडी झाकली आणि वर एक बल्ब टांगून सरळ लाइनीवर लावला. सगळ्या मोटारी बंद, म्हणून लाइनीवर भरपूर वीज होती. त्या दिवसापुरती. उद्या नऊला मोटारी पुन्हा लागणार, बल्ब पुन्हा कोमेजणार, आणि माझा ट्रान्सफॉर्मर तर आतून वितळला होता. तो नव्यानं भरायचा, वार्निश वाळवायचं, म्हणजे चार दिवस. अंड्यांना हवे होते तीन. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवता येतात, पण दिवसभर बदलत बसायचं आणि एक बाटली जास्त तापली तर टोपलीतली अंडी उकडून निघायची. गावात जनरेटर एकच, तो लग्नाला बाहेरगावी गेलेला.

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. मागच्या गल्लीनं जाऊन सुटेल असा हा प्रश्न नव्हता. सगळं गाव त्या वेळी एकाच जागी होतं.

मी हातपाय न धुताच निघालो. देवळापुढे मांडव होता, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. मला येताना पाहून आधी बायकोचा हात थाळीवर थांबला, मग डफ थांबला. सरपंच माझ्या मुलाच्या वयाचा आहे. त्याची मोटार मी तीनदा भरली.

"या काका," तो म्हणाला. "रस्ता चुकले का?"

"चुकलो नाई. कामानं आलो."

"बसा तं खरं."

"बसत नाई. मोटारीचं बोलायचं आहे."

तेवढ्यात लाइनमन बोलला. तो प्रसादासाठी थांबला होता. "काका, तुमच्या अंगाले वार्निशचा वास येऊन राह्यला. कोनाची जळली?"

मी उत्तर द्यायच्या आत सून दिसली. टोल्यावरून ती थेट देवळात आली होती आणि तिच्यासोबत तीन बाया होत्या. त्या म्हाताऱ्या बाईच्या काखेत रिकामी टोपली होती. सुनेनं मला देवळात उभं पाहिलं, माझे हात पाहिले आणि ती जागीच थांबली. बारावी शिकलेली पोरगी, तिला सांगावं लागलं नाही. वर्षभर न आलेला माणूस भर पूजेत काळे हात घेऊन उभा आहे म्हणजे काय झालं, हे तिनं आधी मनात जुळवलं आणि मग वर आकाशाकडे, शांत शेतांकडे पाहिलं.

म्हातारी बाई म्हणाली, "काय झालं?"

"पेटी बिघडली, बाई," सून म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. "मशीनच आहे, बिघडते. पाहू आपन."

तिनं मला झाकलं. सोळा दिवस मी तिला खटक्याला हात लावू दिला नाही, आणि तिनं सगळ्या गावापुढे माझ्यावर पदर टाकला. माणसानं माझी चूक काढली तर मी भांडू शकतो. कोणी ती पोटात घातली तर काय करायचं ते मला कोणी शिकवलं नाही.

"पेटी नाई बिघडली," मी म्हणालो. "मी बिघडवली. यानं सांगितलं होतं जास्ती येईन म्हनून. मी आयकलं नाई. फ्यूजमधी जाड तार मीच टाकली. मोटारी पाळनार हे सगळ्या गावाले माहीत होतं, मले नव्हतं. कारन मी बैठकीले आलो नाई."

घाईत मी सुनेला 'यानं' म्हणालो, हे मला नंतर बायकोनं सांगितलं. त्या वेळी कोणी हसलं नाही.

"अंडे?" म्हातारी बाई म्हणाली.

"जिते आहेत. सध्या तरी. उद्या मोटारी लागल्या तं नाई राह्यत. म्हनून मागायले आलो. तीन दिवस मोटारी पाळीनं लावा. अर्ध्या सकाळी, अर्ध्या दुपारी. एकदम सगळ्या लागल्या नाई तं घरात बल्बापुरती वीज राह्यते."

मांडवात कुजबुज झाली. रोवण्याच्या दिवसांत पाणी मागणं म्हणजे ताटातला भात मागणं. एक जण म्हणाला, "माह्या धानाच्या बांधीले अर्ध्या दिवसात पानी पुरन का?" दुसरा म्हणाला, "तुयी मोटार अर्ध्या दिवसातच जळते, तुले काय फरक." तिसरा म्हणाला, "काका, उलटा लावायच्या अगोदर आमाले इचारलं असतं तं?"

"इचारलं असतं तं तुमी काय सांगितलं असतं?"

"काहीच नाई. पन आमाले बरं वाटलं असतं."

आता मात्र हसले. हसणाऱ्यांत बायको पहिली होती. सरपंचानं बायांकडे पाहिलं. टोल्यावरच्या कोंबड्या गेल्याचं गावाला ठाऊक होतं, रोवण्याला तिथल्याच बाया येतात. तो म्हणाला, "पाळी लावू. कालव्याकडचे सकाळी, नदीकडचे दुपारी. पन काका, एक गोष्ट आहे. पुढच्या बैठकीपासून तुमी यायचं, नाई तं तुमच्या दारात येऊन बैठक घ्यावी लागन, आन् चहा काकूले करावा लागन."

"येतो," मी म्हणालो. "पन देवळाची वायर चुकीची टाकली आहे, हे पहिल्याच बैठकीत सांगीन."

"सांगा. दोन वर्षं आमी त्याचीच वाट पाहून राह्यलो."

दोन नव्हे, एकच वर्ष झालं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

पुढचे तीन दिवस टोपली सुनेच्या हाती होती. पंख्याऐवजी पुठ्ठा, कार्डाऐवजी ती. थर्मामीटर पाहायची, बल्ब लावायची, विझवायची. खटका कसा लावायचा ते मी तिला शिकवलं, आता वितळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा असला तरी. तिनं नीट शिकून घेतलं. मोटारी पाळीनं चालल्या आणि घरात एकशे ऐंशी राहिले. अशी वीज माघात आमच्याकडे कधी आली नव्हती. नदीकडचे म्हणाले, पाणीही बरं ओढते, मोटार तापत नाही. रोवणा संपेपर्यंत पाळी तशीच राहिली. त्या हंगामात माझ्या ओट्यावर एकच मोटार आली.

एकविसाव्या दिवशी सकाळी टोपलीतून चिवचिव सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. बासष्ट पिल्लं निघाली. छत्तीस अंडी तशीच राहिली. सून म्हणाली, सगळी काही आपल्यामुळे नाही, चार-सहा तर पहिल्यापासून रिकामीच होती. मी ती छत्तीस एकेक करून पापणीला लावली. गार होती.

दुपारी टोल्यावरच्या बाया आल्या. पिल्लं वाटून घेताना कुणाची कोणती यावर त्यांचं काही भांडण झालं नाही. तपकिरी पट्ट्याची इकडे, काळी तिकडे, अशी त्यांनी पाच मिनिटांत टोपल्यांत घातली. म्हातारी बाई ओट्यावर टेकली. मी तिच्यासमोर बसलो आणि विचारून टाकलं.

"बाई, माह्यामुळं किती गेले?"

तिनं टोपलीत हात घालून एक काळं पिल्लू बाहेर काढलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि पुन्हा आत सोडलं.

"कोंबडी बसली असती तं तिनंबी चार-दोन पायाखाली दाबलेच असते," ती म्हणाली. "तू कोंबडीपेक्षा जरा जास्ती दाबले, भाऊ."

सून दारात उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत गेली. मी बायकोला हाक मारून बाईसाठी चहा ठेवायला सांगितला, आणि साखर जरा जास्त टाक म्हणालो.